प्रो व्हायची घाई असेल तर आधी हे वाच

आमच्या बॉक्सिंग क्लबात नवीन आलेली पोरं महिनाभरातच विचारतात, ‘सर, प्रो, म्हणजे पैसे घेऊन लढणारा व्यावसायिक बॉक्सर, कधी व्हायचं?’ मी त्यांना विजेंदर सिंगची वाटचाल सांगतो. हरियाणातल्या भिवानीत प्रशिक्षक जगदीश सिंग यांच्याकडे तो घडला. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये पहिल्याच लढतीत हरला. 2008 ला बीजिंगमध्ये 75 किलो गटात ब्राँझ. बॉक्सिंगमधलं भारताचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. पुढच्या वर्षी मिलानच्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ, 2010 ला ग्वांगझूच्या एशियाडमध्ये सुवर्ण. मग लंडनचं ऑलिम्पिकही खेळला. आणि प्रो म्हणून मँचेस्टरच्या रिंगमध्ये उतरला तो 2015 च्या ऑक्टोबरमध्ये, तिशीला आल्यावर.

एवढा अनुभव असून त्याला बॉक्सिंग नव्यानं शिकावं लागलं. बीजिंगमध्ये पाचपैकी तीन जजनी जवळजवळ एकाच वेळी बटण दाबलं तरच गुण मिळायचा, म्हणून लांबून स्वच्छ ठोसा मारून बाजूला व्हायचं. प्रोमध्ये प्रत्येक राउंड दहा गुणांचा: जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला सहसा नऊ. तिथे बरगड्यांवर, पोटावर मारलेले ठोसे आठव्या-नवव्या राउंडला कामी येतात.

5 ऑगस्ट 2017 ला वरळीच्या डोममध्ये त्याची चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीशी लढत झाली. मी वरच्या गॅलरीत होतो. दहा राउंड! दोन जजनी 95-94 दिले, एकानं 96-93. विजेंदर जिंकला, पण एका गुणाचा खेळ होता. माझी नजर सारखी त्याच्या खांद्यांकडे जात होती: कुठे सैल सोडतो, कुठे प्रतिस्पर्ध्याला कवटाळून श्वास घेतो. दम वाटून वापरणं म्हणजे काय, ते मला त्या रात्री उमगलं.

उमगलं, पण उशिरा. त्याआधीच मी चार राउंडची एक प्रो लढत घेऊन बसलो होतो. ठरलेला प्रतिस्पर्धी आलाच नाही. आयोजकांनी आदल्या संध्याकाळी माझ्याहून चार किलो जड मुलगा उभा केला आणि मी ‘नाही’ म्हणालो नाही. पहिल्या दोन राउंडमध्ये हौशी बॉक्सिंगच्या सवयीनं सगळा दम ओतला, चौथ्यात गार्डसाठी, म्हणजे चेहरा वाचवायला, हात वर राहीनात. महिनाभर बरगडी दुखत होती. म्हणून सांगतो, करारात वजन किलोत लिहून घ्या, मेडिकलचा खर्च कोण करणार ते लिहून घ्या, आणि सही करण्याआधी सहा राउंडचं स्पॅरिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) न थांबता करून बघा.

लढतींमधल्या अंतराचाही विचार करा. विजेंदर सलग बारा लढती जिंकला होता. नोव्हेंबर 2019 नंतर मात्र तो थेट मार्च 2021 ला उतरला, पणजीत कॅसिनोच्या जहाजावर. रशियाच्या आर्तिश लोप्सननं पाचव्या राउंडला लढत संपवली. दोन लढतींमध्ये सोळा महिने गेले होते. आमच्याकडे लढत ठरलेली नसली तरी शनिवारी दहा राउंड होतातच, तीन मिनिटं बॅगवर ठोसे आणि एक मिनिट उभं राहून श्वास. बसायचं नाही.