इराणच्या अणुकार्यक्रमावर वाद घालताय? मग या चुका टाळा

गेली बारा-तेरा वर्षं मी कॉलेजच्या वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून जातोय. दर दोन वर्षांनी तोच विषय फिरून येतो, अणुबॉम्ब बनवत असल्याचा संशय असलेल्या देशावर निर्बंध घालावेत का, हल्ला करावा का, आणि विषयात नाव असो नसो, सगळे बोलतात इराणबद्दलच. 2025 च्या जूनमध्ये आधी इस्रायलने आणि मग अमेरिकेने तिथे बॉम्ब टाकल्यापासून तर विचारूच नका. मुलं हुशार असतात, आवाज खणखणीत असतो, पण चुका त्याच. इतक्या त्याच, की मी गुणपत्रिकेच्या कोपऱ्यात नुसतं '60' किंवा 'ओसि' लिहितो आणि कुणी कुठे माती खाल्ली ते माझं मला कळतं.

आधी '60' वाल्यांकडे येऊ, कारण हे सगळ्यात जास्त.

एका फायनलला एक मुलगा छाती काढून म्हणाला, "इराणकडे 60 टक्क्यांचं युरेनियम आहे, बॉम्बला 90 लागतं, म्हणजे अजून एक तृतीयांश वाट बाकी आहे, मग हल्ल्याची घाई कशाला?" टाळ्या पडल्या. वाईट याचं वाटलं की समोरच्या टीमनेसुद्धा माना डोलावल्या. अरे, ते दहावीचे टक्के नाहीत!

तांदूळ निवडायला बसलाय असं धरा. परातीत 1000 दाणे आहेत, त्यातले फक्त 7 तुम्हाला हवे आहेत (खाणीतून येणाऱ्या युरेनियममध्ये कामाचं युरेनियम-235 साधारण 0.7 टक्केच असतं), बाकी 993 उचलून टाकायचेत. वीजकेंद्राला लागतं तसं 4 टक्के करायचं तर परातीत 175 दाणे उरले पाहिजेत (त्यातले हवे ते 7), म्हणजे 825 टाकले. 20 टक्क्यांना 35 उरतात, म्हणजे आणखी 140 टाकले. 60 टक्क्यांना उरतात 12 आणि 90 ला 8. म्हणजे 60 वरून 90 ला जायला किती दाणे टाकायचे राहिले? चार! प्रत्यक्षात हे काम गॅस करून सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात गरगर फिरवून होतं आणि थोडे हवे असलेले दाणेही कचऱ्यात जातात, पण हिशोबाचा कल हाच. सगळी कंबरमोड सुरुवातीला असते. म्हणून तर अमेरिका आणि इतर बड्या देशांनी इराणशी केलेल्या 2015 च्या करारात त्याला 3.67 टक्के शुद्धतेवर आणि 300 किलोच्या साठ्यावर अडवलं होतं, आणि म्हणून 2025 च्या मेमध्ये आयएईएने (निरीक्षक पाठवून अणुकार्यक्रमांवर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) 60 टक्क्यांचा साठा 400 किलोच्या वर गेल्याचं सांगितलं तेव्हा एवढा गहजब झाला. त्यांच्याच मापाने यातले 42 किलो आणखी शुद्ध केले की एका बॉम्बपुरता माल होतो.

मी हे स्टेजवर खडूने काढून दाखवायचो. आता मुलांना सांगतो की घरी जा, मूठभर तांदूळ घ्या आणि खरंच निवडून बघा, आठ मिनिटांच्या व्हिडिओत हे डोक्यात जात नाही.

आता गंमत अशी की ज्याला हे समजतं तो लगेच दुसऱ्या खड्ड्यात पडतो, "म्हणजे बॉम्ब तयारच आहे!" नाही बाबा. माल वेगळा आणि बॉम्ब वेगळा. त्या गॅसचा धातू करायचा, स्फोटाची यंत्रणा जमवायची, मग ते क्षेपणास्त्रावर बसवायचं. 'काही आठवड्यांत बॉम्ब' अशी बातमी येते तेव्हा बहुतेक वेळा ते आठवडे फक्त मालाचे असतात. अमेरिकेच्याच गुप्तचर खात्यांनी 2007 मध्ये म्हटलं होतं की इराणने बॉम्बची जुळणी करण्याचं काम 2003 मध्ये थांबवलं, शुद्धीकरण मात्र चालूच होतं. माल, जुळणी आणि तेहरानच्या मनात काय आहे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिघांचे पुरावे वेगळे लागतात.

पुराव्यावरून माझीच लाज सांगतो. 2003 च्या फेब्रुवारीत मी स्वतः स्पर्धक होतो, विषय इराक. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत नुकतंच, इराक चोरून घातक शस्त्रं बनवतोय असं भाषण केलं होतं, त्यातल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या मी पेपरातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवून नेल्या आणि स्टेजवर हलवून दाखवल्या, "या सेंट्रिफ्यूजच्याच!" पहिलं बक्षीस, भिंतीवरचं घड्याळ. पुढच्याच महिन्यात, 7 मार्चला, आयएईएच्या अल्-बरादेईंनी त्याच परिषदेत सांगितलं की अणुकार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याचा पुरावा मिळालेला नाही आणि नायजरमधून युरेनियम घेतल्याची कागदपत्रं खरी नाहीत. दोन आठवड्यांत युद्ध सुरू. नंतर अख्खा इराक पालथा घातला, काही सापडलं नाही. नळ्या साध्या रॉकेटच्या निघाल्या. ते घड्याळ अजून आईच्या स्वयंपाकघरात आहे आणि ती ते काढायला तयार नाही, चांगलं चालतं म्हणते.

तेव्हापासून माझी एक सवय आहे, शास्त्र वगैरे काही नाही. बाजू कुठलीही असो, मी आधी विचारतो की निरीक्षक आत आहेत की बाहेर? इराकमध्ये 1998 ते 2002 ते बाहेर होते आणि सगळे अंदाजपंचे बोलत होते. नोव्हेंबर 2002 मध्ये परत आत गेले, जेमतेम साडेतीन महिन्यांत चित्र साफ व्हायला लागलं होतं, तेवढ्यात त्यांना बाहेर काढून बॉम्ब टाकले. इराणमध्येही जून 2025 च्या हल्ल्यांनंतर आयएईएची माणसं देश सोडून निघाली, आणि तो 400 किलोचा साठा नक्की कुठे आहे हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना. हल्ल्याच्या बाजूने बोलणाऱ्याने याचं उत्तर घेऊनच उभं राहावं. बहुतेक जण घेऊन येत नाहीत.

आता 'ओसि', म्हणजे ओसिराक. "इस्रायलने 1981 मध्ये इराकची अणुभट्टी उडवली आणि विषय संपला", हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पंख्याकडे बघत बसतो. अर्धी गोष्ट खरी आहे. 7 जून 1981 ला आठ एफ-16 विमानं बगदादजवळच्या तुवैथाला गेली आणि फ्रान्सने बांधून दिलेली भट्टी उद्ध्वस्त केली. सुरक्षा परिषदेने एकमताने निषेध केला, अमेरिकेसकट. पण विषय संपला कुठे? सद्दामने नंतर हाच उद्योग गुपचूप आणि आधीपेक्षा मोठा केला, मोठमोठी लोहचुंबकं वापरून युरेनियम वेगळं करायची दुसऱ्या महायुद्धातली जुनी पद्धत उकरून काढली, आणि हे जगाला कळलं 1991 च्या युद्धात हरल्यावर निरीक्षक आत शिरले तेव्हा. हल्ला झाला नसता तर काय झालं असतं यावर अभ्यासक आजही भांडतात, तुम्हीही भांडा, पण 1981 नंतरची दहा वर्षं गिळून भांडू नका.

आणि ओसिराकवर पहिला हल्ला इस्रायलने केलाच नव्हता. आठ-नऊ महिने आधी, 30 सप्टेंबर 1980 ला, इराणच्याच फॅन्टम विमानांनी तिथे बॉम्ब टाकले होते. हे एकाही स्पर्धकाने आजवर सांगितलेलं नाही, जो सांगेल त्याला माझ्याकडून दोन मार्क जास्त.

उलटं उदाहरणही आहे बरं का, सीरिया. सप्टेंबर 2007 मध्ये इस्रायलने देर अझ-झोरची भट्टी उडवली आणि सीरियाने ती परत उभी केली नाही. म्हणजे 'हल्ल्याने कधीच काही होत नाही' हेही थापच. पण ती वाळवंटात उघड्यावर उभी असलेली एकच इमारत होती. इराणचं फोर्दो हे शुद्धीकरण केंद्र कोमजवळ डोंगराच्या पोटात आहे आणि शुद्धीकरणाचं ज्ञान हजारो माणसांच्या डोक्यात. दोन्हीला एकाच मापाने मोजलंत की माझा पेन खाली.

'आत्मसंरक्षण' हा शब्द सांभाळून वापरा. हल्ला अंगावर येताना दिसणं आणि पाच वर्षांनी येईल म्हणून आज मारणं, यात कायद्याने मोठा फरक आहे.

लिबियाने 2003 मध्ये सगळा अणुकार्यक्रम सोडून दिला, 2011 मध्ये त्याच्या गद्दाफीचं काय झालं? सत्ता गेली आणि जीवही. निर्बंधांची भलामण करणाऱ्यांनी याला उत्तर तयार ठेवावं, उत्तर कोरियाने तर हे उदाहरण पाठच केलंय.

"भारताने केलं ते चालतं, इराणने केलं की नाही?" टाळ्यांचं वाक्य आहे, पण इराणने एनपीटीवर (अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर) सही केलीय, भारताने कधीच केली नाही (इस्रायलनेही नाही, हेही त्याच दमात सांगा).

निर्बंधांबद्दल मात्र आपल्याकडच्यांनी जरा घरात बघून बोलावं. पालघरमधलं तारापूर अमेरिकेच्या इंधनावर चालायचं, 1974 च्या पोखरणनंतर ते इंधन अडलं, शेवटी 1982 मध्ये फ्रान्सशी जमवावं लागलं. 1998 ला परत चाचण्या, परत निर्बंध, तेव्हा परदेशातल्या भारतीयांनी रोखे घेऊन चार अब्ज डॉलरच्या वर पैसा दिला आणि 2001 मध्ये बरेचसे निर्बंध उठलेही. बॉम्ब काही कुणी परत केला नाही. मग निर्बंध फुकट का? तेही नाही. 2012 मध्ये इराणची तेलनिर्यात जवळपास निम्म्यावर आली आणि वर्षभरात तो गंभीरपणे बोलायला बसला. पण बसला त्याचं दुसरं कारण असं, की थोडं शुद्धीकरण तुमच्याकडे राहू देऊ, हेही समोरून मान्य झालं होतं. माझं मत विचाराल तर निर्बंध म्हणजे दार लावून घेणं, पण कडी उघडायची कशी हे आतल्याला माहीत पाहिजे. 2018 मध्ये ट्रम्पनी करार सोडला, निर्बंध परत लावले आणि तीन वर्षांत इराण 3.67 वरून 60 वर गेला. औषधं निर्बंधांतून वगळलेली असतात असं ठोकून देणाऱ्यांनी एवढंच बघावं की पैसे पाठवायला कुठली बँक तयार होते.

शेवटची, नकाशा न बघण्याची. मागच्या स्पर्धेत एक जण म्हणाला, "सगळ्यात आधी बुशेर उडवा." बुशेर म्हणजे रशियाने बांधलेलं चालू वीजकेंद्र, इंधन रशियाचं आणि वापरलेलं परत रशियाला, बॉम्बची भीती आहे ती तिथे नाहीच. वर ते आखाताच्या ऐन किनाऱ्यावर, आणि समोरचे कतार-कुवेत त्याच समुद्राचं पाणी गोडं करून पितात. भाषणात त्याने अभिमानाने सांगितलं होतं की त्याचा मामा कतारला दोह्यात असतो, म्हणून मी निकालानंतर त्याला बाजूला घेऊन विचारलं, "मामा पाणी कुठलं पितो रे?"

"बिसलेरी असेल ना सर."