जुन्या संगणकावर डेबियन बसवताना या चुका टाळा

जुन्या संगणकावर डेबियन ही लिनक्सवर आधारित मोफत कार्यप्रणाली बसत नाही असे दिसताच ‘मशीनच आता कामाचे राहिले नाही’ असा निकाल अनेक जण देऊन टाकतात आणि अजून चालू शकणारा संगणक भंगारात जातो. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. काम कोणत्या टप्प्यावर अडले हे आधी पाहावे. पेनड्राइव्हवरून सुरुवातच न होणे, मध्येच पडदा काळा होणे, पॅकेज (सॉफ्टवेअरचे संच) उतरताना थांबणे आणि सगळे पूर्ण होऊनही संगणक सुरू न होणे या चार निराळ्या तक्रारी असून त्यांची कारणेही बहुधा निराळी असतात.

९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट (जुन्या धाटणीचा प्रोसेसर असलेल्या) पीसीसाठी इन्स्टॉलर, म्हणजे प्रणाली बसवणारा प्रोग्राम, दिलेला नाही, त्यामुळे अशा संगणकासाठी डेबियन १२ ची ‘आय३८६’ (३२ बिट) प्रत घ्यावी लागते. मात्र संगणकावर ३२ बिट विंडोज आहे म्हणून प्रोसेसरही ३२ बिट असेल, असे गृहीत धरू नये. २००६ मधल्या ‘कोअर ड्युओ’ आणि ‘कोअर टू ड्युओ’ या मिळत्याजुळत्या नावांपैकी पहिला प्रोसेसर ३२ बिट आहे, तर दुसरा ६४ बिट.

उतरवलेली आयएसओ फाइल (डेबियनचा इन्स्टॉलर असलेली फाइल) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केल्याने संगणक त्यावरून सुरू होत नाही; ती लिनक्समधल्या ‘डीडी’ आज्ञेने किंवा तत्सम साधनाने लिहावी लागते आणि तीही ‘एसडीबी१’ अशा विभागावर नव्हे, तर ‘एसडीबी’ (लिनक्सने पेनड्राइव्हला दिलेले नाव) या पूर्ण उपकरणावर. हे अक्षर चुकले तर दुसऱ्याच डिस्कवरचा डेटा पुसला जातो, म्हणून जोडलेल्या डिस्क दाखवणाऱ्या ‘एलएसबीएलके’ (lsblk) आज्ञेची यादी पाहूनच आज्ञा द्यावी. फाइल नीट उतरली आहे का हे कळण्यासाठी तिची एसएचए-२५६ बेरीज (फाइलवरून काढलेला ओळख-आकडा) डेबियनने दिलेल्या बेरजेशी आधीच जुळवून घ्यावी.

मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, बहुधा सीआर२०३२, याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि सर्वाधिक दिशाभूल तोच करतो. सेल संपला की वीज बंद होताच घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते; मग पॅकेजच्या यादीवरची सही भविष्यातली ठरून ‘ॲप्ट’ हा पॅकेज बसवणारा प्रोग्राम ती नाकारतो, सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अमान्य होतात, आणि वापरणारा मात्र नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतो. शिवाय बायोसमधली (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधली) मांडणीही मूळपदावर जाते, त्यामुळे काल ठरवून दिलेला बूटचा (कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे याचा) क्रम आज बदललेला असतो. म्हणून इतर काहीही करण्यापूर्वी सेल बदलून तारीख लावावी. खर्च किरकोळ आहे.

सगळे पूर्ण झाल्यावर पेनड्राइव्ह काढताच संगणक सुरू होईना, तर ग्रब हा बूटलोडर (डिस्कवरून प्रणाली सुरू करणारा प्रोग्राम) चुकून पेनड्राइव्हवरच बसला आहे का ते तपासावे. काही बायोस पेनड्राइव्हला पहिली डिस्क मानतात, म्हणून इन्स्टॉलर विचारतो तेव्हा डिस्कचे नाव आणि आकार वाचूनच निवड करावी. जुन्या बायोसच्या संगणकावर जीपीटी या नव्या पद्धतीने डिस्कचे विभाग पाडले असतील, तर ग्रबसाठी सुमारे १ एमबीचा ‘बायोस बूट’ विभाग वेगळा ठेवावा लागतो. लहान डिस्क असेल तर जुनी एमबीआर पद्धतच सोयीची.

ग्रबचा मेनू दिसून नंतर पडदा काळा झाला, तर मेनूत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ (nomodeset) जोडावे आणि एफ१० दाबावे. त्याने पडदा आला तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरच्या बाजूला आहे, हे कळते.

बीसीएम४३१२ सारख्या जुन्या ब्रॉडकॉम वायफाय चिपसाठी लागणारे फर्मवेअर (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) डेबियनच्या प्रतीत नसते, ते इंटरनेटवरून वेगळे उतरवावे लागते. म्हणून सुरुवातीपासून लॅन केबल जोडून ठेवावी. मजकूर इन्स्टॉलर (चित्रमय नसलेला, केवळ अक्षरांचा) मध्येच थबकला, तर डावी ऑल्ट आणि एफ४ दाबून नोंदी वाचाव्यात; डिस्क वाचण्यातल्या चुकांच्या ओळी तिथे वारंवार येत असतील, तर दुसरी डिस्क लावूनच पुढे जावे.