रायफलवरचा एलईडी टॉर्च निवडताना : लूमेन विसरा, झोत बघा

ब्रिटनमध्ये मेंढ्या विण्याचा हंगाम आला की कोकरं उचलणाऱ्या फॉक्सचा बंदोबस्त करण्यासाठी रात्री रायफल घेऊन रानात फिरावं लागतं. तिकडे याला लँपिंग म्हणतात. मराठीत आपण फॉक्सला सरसकट कोल्हा म्हणून मोकळे होतो, पण कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड, आणि ब्रिटनमधलं खोकड आपल्या माळरानावरच्या खोकडापेक्षा मोठं आणि तांबडं असतं. भारतात खोकड आणि कोल्हा या दोघांनाही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे इथे बॅटरी लावून त्यांच्यामागे जाणं हा सरळ गुन्हा आहे. पुढचं सगळं तिकडे रायफलचं प्रमाणपत्र आणि जमीनमालकाची परवानगी हातात असलेल्यांसाठी.

आधी टॉर्चचं काम ठरवा

रायफलवरचा टॉर्च जनावर शोधण्यासाठी नसतो. शोधायचं काम हातातल्या दिव्याचं किंवा अंगाच्या उष्णतेवरून जनावर दाखवणाऱ्या थर्मल दुर्बिणीचं. रायफलवरच्या टॉर्चने रान धुंडाळणं म्हणजे भरलेली नळी शेजारच्या घरावरून, मेंढ्यांवरून, कुत्रं फिरवायला निघालेल्या माणसावरून फिरवणं. ‘एकाच टॉर्चमध्ये दोन्ही कामं होतात’ असं सांगणाऱ्याचा सल्ला तिथेच सोडून द्या.

हे एकदा मान्य केलं की निवड सोपी होते. रायफलवरच्या टॉर्चला रुंद उजेड लागत नाही. स्कोपमध्ये, म्हणजे रायफलवरच्या नेमाच्या दुर्बिणीत, जेवढं दिसतं तेवढंच, पण लख्ख उजळायला हवं. बहुतेक गोळ्या ८० ते १५० मीटरवर सुटतात. त्याच अंतरासाठी टॉर्च घ्या, ४०० मीटरच्या बढायांसाठी नको.

खरा आकडा कोणता

इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. खोक्यावर मोठ्या अक्षरात लूमेन छापलेले असतात. लूमेन म्हणजे टॉर्चमधून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो १२० मीटरवरच्या जनावरावर पडतो की तुमच्या पायापुढच्या गवतावर सांडतो, हे त्या आकड्यातून कळत नाही. तुम्हाला हवा आहे कँडेलाचा आकडा, म्हणजे झोताच्या मधोमध प्रकाश किती तीव्र आहे तो.

हिशेब साधा आहे. कँडेलाला मीटरमधल्या अंतराच्या वर्गाने भागलं की त्या अंतरावर किती लक्स, म्हणजे किती उजेड, पडतो ते मिळतं. ४०,००० कँडेलाचा टॉर्च १०० मीटरवर ४ लक्स देतो, १५० मीटरवर जेमतेम पावणेदोन आणि २०० मीटरवर १. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. म्हणून ‘थोडंच तर लांब आहे’ हा हिशेब रात्री फसतो.

खोक्यावर ‘पल्ला ४०० मीटर’ लिहिलेलं असतं तेही नीट वाचा. एएनएसआय एफएल-१ या टॉर्चसाठीच्या अमेरिकन मानकात पल्ला म्हणजे ज्या अंतरावर पाव लक्स उरतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. चांदण्यात काहीतरी हललं एवढं समजतं, ते खोकड आहे की शेजारचं कुत्रं हे समजत नाही. छापलेल्या पल्ल्याचा साधारण तिसरा हिस्सा कामाचा धरा. कँडेलाचा आकडा दिला नसेल तर पल्ल्यावरून काढता येतो : पल्ल्याचा निम्मा घ्या आणि त्याचा वर्ग करा. ४०० मीटर असेल तर २०० गुणिले २००, म्हणजे ४०,०००. लूमेन पाच हजार आणि पल्ला दोनशे मीटर असं लिहिलेला टॉर्च अंगण उजळायला उत्तम. तो रायफलवर लावू नका. १५० मीटरपर्यंतच्या कामासाठी पांढऱ्या उजेडात ४०,००० कँडेलाच्या खाली उतरू नका. त्याच्या पुढे मारायचं असेल तर ८०,०००.

कँडेला वाढवायचे दोन मार्ग आहेत : एलईडीचा पृष्ठभाग जास्त प्रखर असणं, किंवा पुढची काच मोठी असणं. एलईडी तीच ठेवून काचेचा व्यास दुप्पट केला की तीव्रता साधारण चौपट होते. म्हणून २५ मिलिमीटर तोंडाचा नाजूक टॉर्च कितीही महाग असला तरी ५० मिलिमीटर तोंडाच्या साध्या टॉर्चपुढे उघडा पडतो. त्यापुढचे ६५-७० मिलिमीटरचे टॉर्च फेकतात भन्नाट, पण रायफल वरच्या बाजूला जड होते आणि झुडपातून जाताना सगळीकडे अडकते. पायी फिरणाऱ्याला ५० पुरे. गाडीतून किंवा तिपाईवरून मारणाऱ्याने मोठा घ्यावा.

एलईडीचा आकारही बघा, कारण तोंड पुढे-मागे सरकवून झोत रुंद-अरुंद करता येणारा, बहिर्गोल काचेचा झूम टॉर्च पूर्ण आवळला, म्हणजे झोत सर्वांत अरुंद केला, की समोर त्या एलईडीचंच चौकोनी प्रतिबिंब पडतं. काचेचं केंद्रांतर ४० मिलिमीटर आणि एलईडी १ मिलिमीटर असेल तर १५० मीटरवर पावणेचार मीटरचा चौकोन उमटतो. एलईडी २ मिलिमीटरची असेल तर साडेसात मीटरचा. आठपट मोठं दाखवणाऱ्या स्कोपमधून त्या अंतरावर सुमारे सात मीटर रुंदीचं दृश्य दिसतं. म्हणजे पहिला चौकोन दृश्याच्या मधोमध नीट बसतो. दुसऱ्यात सगळं दृश्य फिकट उजळतं आणि कडेचा उजेड फुकट जातो. मोठी, चार तुकड्यांची, ‘जबरदस्त लूमेन’वाली एलईडी इथे उलट तोट्याची.

दिव्याचा रंग

लाल, हिरवा, पांढरा यावर लोक तावातावाने भांडतात. खोकडाच्या डोळ्यात कुत्र्यासारखे दोनच प्रकारचे रंगग्राहक असतात, त्यामुळे लाल उजेड त्याला मंद दिसतो. मंद म्हणजे अदृश्य नव्हे. एकदा दिव्याखालून निसटलेलं जनावर लालसुद्धा ओळखतं. दुसरी बाजू अशी की आपल्या डोळ्यातल्या, अंधारात काम करणाऱ्या पेशींनाही लाल फारसा दिसत नाही. म्हणून लाल झोतात अंतर जास्त वाटतं आणि बारकावा हरवतो. हिरव्यात आपल्याला सर्वांत स्पष्ट दिसतं, पण बुजलेलं जनावर थांबत नाही. दिवा कधी न पाहिलेल्या रानात पांढरा चालतो. दोन-तीन जण आधीच फिरून गेलेल्या रानात लाल घ्या.

मात्र लाल हवा असेल तर लाल एलईडीच घ्या, पांढऱ्या टॉर्चवर लाल काच चढवू नका. पांढऱ्या एलईडीत लाल भाग मुळात थोडा असतो. काच बाकीचा सगळा खाऊन टाकते आणि हातात उरतो निखाऱ्यासारखा उजेड. विकत घेताना कँडेलाचा आकडा लाल एलईडीचाच आहे ना, हे विचारा. पुष्कळदा पांढऱ्याचा आकडा लालच्या खोक्यावरही तसाच छापलेला असतो. आणि ८५० किंवा ९४० नॅनोमीटर लिहिलेलं असेल तर ते इन्फ्रारेड आहे. रात्रदर्शक यंत्राशिवाय ते काही कामाचं नाही.

रंगीत उजेडात डोळ्यांच्या चमकेवरून जनावर ओळखू नका. लाल दिव्यात मेंढीचे, मांजराचे आणि खोकडाचे डोळे लालच चमकतात. कान, तोंड, शेपूट, चाल असं पूर्ण शरीर दिसेपर्यंत घोड्याला बोट लावायचं नाही, आणि मागे गोळी अडवणारी माती दिसत नसेल तर मुळीच नाही. ब्रिटनमध्ये बॅजर हा बिळात राहणारा प्राणी कायद्याने संरक्षित आहे आणि हरणाला रात्री मारायला बंदी आहे. दिव्यात जेवढं दिसलं तेवढ्यावर निर्णय होत नसेल तर टॉर्च कमी पडतोय, म्हणजे जवळ जा.

बटण आणि सेल

मोड एकच हवा : चालू आणि बंद. पाच मोडचा टॉर्च रायफलवर अजिबात नको. गोळी सुटल्याच्या धक्क्याने सेल क्षणभर स्प्रिंगवरून उचलला जातो, संपर्क तुटतो, आणि टॉर्चला वाटतं तुम्ही बटण दाबलं. लगेच उजेड मंद होतो किंवा दिवा लुकलुकायला लागतो. जखमी जनावर कुठे गेलं हे बघायच्या नेमक्या क्षणी. सेलच्या दोन्ही टोकांना स्प्रिंग असलेला टॉर्च घ्या. एका टोकाला नुसती बटणासारखी पट्टी असेल तर परत ठेवा. तपासायला रायफल लागत नाही. टॉर्च चालू करून त्याचं बूड तळहातावर पाच-सहा वेळा जोरात आपटा. एकदा जरी लुकलुकला तरी नको.

टॉर्चच्या बुडावरचं ‘टक’ वाजणारं बटण थंड, शांत रात्री साठ मीटरवरच्या खोकडाला सहज ऐकू जातं. वायरच्या टोकाला दाबपट्टी असते ती बरी, पण ती धरून ठेवावी लागते आणि हातमोज्यात बोट कधी सुटलं ते कळत नाही. सर्वांत चांगला म्हणजे बुडाशी फिरवायचा, उजेड कमी-जास्त करणारा डिमर. मंदपासून सुरू करून हळूहळू वाढवायचं. जनावर चाळीस मीटरवर असताना पूर्ण उजेड एकदम पडला की ते पळालंच. डिमर असेल तर आधी झोताची कड त्याच्यावर ठेवा आणि मग मधला भाग वर आणा.

सेल १८६५० प्रकारचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. चांगल्या सेलची क्षमता साधारण ३,००० ते ३,५०० मिलिअँपिअर-तास असते. ‘९,९०० मिलिअँपिअर’ छापलेला सेल खोटा आहे, त्यावर चर्चाच नको. संरक्षण-सर्किट असलेला सेल ६५ऐवजी ६९-७० मिलिमीटर लांब असतो. काही टॉर्चमध्ये तो बसत नाही, काहींत बसतो पण स्प्रिंग पूर्ण दबून जाते आणि वरची सगळी तपासणी वाया जाते. ‘चार तास चालतो’ या आकड्यावरही विसंबू नका. मानकानुसार उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात, आणि दहा टक्क्यांत १५० मीटरवर काही दिसत नाही.

बसवणं

रायफलच्या नळीवर टॉर्च बांधू नका. वजनाने आणि स्पर्शाने गोळीची जागा बदलते. स्कोपच्या नळीवर बसवायचा असेल तर ती २५.४ मिलिमीटरची आहे की ३०ची हे मोजून क्लँप घ्या. स्क्रू आवळताना जोर लावू नका, स्कोपची नळी पातळ ॲल्युमिनियमची असते. रायफल रिकामी आहे याची खात्री करूनच काम सुरू करा.

लोक झोत आणि क्रॉसहेअर (स्कोपमधली नेम धरायची फुली) अगदी जुळवण्यात तासन्‌तास घालवतात. टॉर्च स्कोपच्या सात सेंटिमीटर वर असेल तर झोत आणि नजर समांतर राहिली तरी फरक सातच सेंटिमीटरचा, चार मीटरच्या चौकोनात तो कुठे दिसणार? शंभर मीटरवरच्या भिंतीवर चौकोनाचा मध्य आणि क्रॉसहेअर डोळ्यांनी जुळले की बस्स.

वेळ द्यायचा तो झळीला. टॉर्चचा कडेचा उजेड मॉडरेटरवर (नळीच्या तोंडावरचा, आवाज कमी करणारा सायलेन्सर) किंवा नळीच्या टोकावर पडतो, तिथून परत स्कोपच्या काचेत शिरतो, आणि दृश्यावर दुधाची साय आल्यासारखं होतं. टॉर्च कमी पडतोय असं समजून लोक आणखी प्रखर टॉर्च आणतात, आणि साय आणखी दाट होते. ओळखायची पद्धत अशी : अंधारात रिकाम्या रायफलवर टॉर्च लावून स्कोपमधून बघत राहा, आणि दुसऱ्याला टॉर्च व मॉडरेटर यांच्यामध्ये काळा पुठ्ठा धरायला सांगा. साय गेली तर दोष मॉडरेटरचा. त्यावर मंद काळी पट्टी गुंडाळा किंवा निओप्रीनचं (रबरासारख्या कापडाचं) आवरण चढवा. गेली नाही तर कडेचा उजेड थेट स्कोपच्या तोंडात शिरतोय. मग टॉर्च पुढे सरकवा, म्हणजे त्याचं तोंड स्कोपच्या पुढच्या काचेच्या पुढे येईल. तेही जमत नसेल तर टॉर्चच्या तोंडावर काळ्या कागदाची पाच-सात सेंटिमीटरची नळी लावा. थंडीत स्वतःच्या श्वासाची वाफही हेच करते. प्रत्येक उच्छ्वास झोतासमोर तरंगतो. श्वास रोखून मग दिवा वाढवा. धुक्यात मात्र कुठलाही टॉर्च चालत नाही, रंग कोणताही असो.

झूम टॉर्चचं तोंड पुढे-मागे सरकवताना हवा आत ओढली जाते. दमट रात्री दोन-चार वेळा झूम केलं की काचेच्या आतून दव धरतं. म्हणून एकदा आवळून जुळवला की जोडावर पट्टी चिकटवून टाका. स्कोप सहापट ते आठपट ठेवा. ५० मिलिमीटरच्या काचेला आठपट केलं की डोळ्यापर्यंत सव्वासहा मिलिमीटरचा उजेडाचा गोल पोचतो, बारापट केलं की चारच, आणि टॉर्चसाठी मोजलेले पैसे तिथेच विरतात.

टॉर्च बसवल्यावर, रात्री बाहेर पडायच्या आधी, टॉर्चसकट रायफल शंभर मीटरवर पुन्हा झीरो करा, म्हणजे गोळी क्रॉसहेअरच्या जागीच लागेल असा स्कोप जुळवा. दोनशे ग्रॅम वजन स्कोपवर आलंय, जुना झीरो तोच राहिला असेल असं धरून चालू नका. टॉर्च काढून परत बसवला तर तीन गोळ्या पुन्हा कागदावर.