गाईड बघून रेकॉर्डिंग लावताय? आधी घड्याळ तपासा

डीडी फ्री डिशची छत्री (जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व), संगणकात डीव्हीबी-एस२ ट्यूनर (उपग्रहाचे चॅनल पकडणारं कार्ड) आणि टीव्हीहेडएंड (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) एवढ्यावर रेकॉर्डिंग होतं. नेमकी शेवटची दहा मिनिटं गेली, की आधी गाईडवर, म्हणजे चॅनलसोबत येणाऱ्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकावर, संशय घ्यायचा.

हे गाईड, म्हणजेच ईपीजी, येतं पीआयडी १८ वर (पीआयडी म्हणजे प्रक्षेपणातल्या प्रत्येक डेटाप्रवाहाचा क्रमांक) आणि त्यात क्रमांक दिलेले तक्ते असतात. तक्ता ७८ म्हणजे चालू आणि पुढचा कार्यक्रम; हा दर दोन सेकंदांच्या आत पुन्हा यायलाच हवा. तक्ते ८० ते ९५ म्हणजे येत्या दिवसांचं वेळापत्रक. हे सगळे फक्त त्याच ट्रान्सपॉन्डरवरच्या (उपग्रहावरच्या, अनेक चॅनल एकत्र पाठवणाऱ्या एका वाहिनीवरच्या) चॅनलांचे. ट्यूनर दिवसभर एकाच ट्रान्सपॉन्डरवर अडकला तर बाकीच्यांचं गाईड शिळं होतं. म्हणून पहाटे ३ ला, ट्यूनर मोकळा असताना, ईपीजी स्कॅन लावा आणि प्रत्येक ट्रान्सपॉन्डरला दहा मिनिटं द्या.

सगळ्यात जास्त घोळ साडेपाच तासांचा. ईपीजीतली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत, भारतापेक्षा साडेपाच तास मागे) असते, भारतीय वेळ आपलं यंत्र करून घेतं. संध्याकाळी ७:३० ची मालिका रात्री १ वाजता दिसली, तर पाठवणाऱ्यानेच भारतीय वेळ भरली आहे आणि यंत्राने त्यात पुन्हा साडेपाच तास मिळवले. दुपारी २ ला दिसली, तर यंत्राचा टाइमझोन यूटीसीवर राहिला आहे. ओळखायचं सोपं: एकच चॅनल सरकलं तर खोट डेटात, सगळी सरकली तर आधी आपलं घर तपासा. एक्सएमएलटीव्हीची (इंटरनेटवरून घेतलेल्या वेळापत्रकाची) फाइल वापरत असाल तर वेळेच्या शेवटी +०५३० आहे का बघा. ते नसलं तर वेळ यूटीसी धरली जाते आणि तोच रात्री १ चा प्रकार होतो.

मराठी नावांच्या जागी किडेमुंग्या दिसल्या, तर मजकुराचा पहिला बाइट बघा. यूटीएफ-८ साठी (देवनागरी चालणाऱ्या अक्षर-संकेतासाठी) तो २१ हवा. तो नसला की यंत्र रोमन लिपीचा तक्ता धरतं, आणि त्यात देवनागरी नाहीच.

आता चॅनलची परीक्षा. तीन संध्याकाळी, रोज चार कार्यक्रम, शीर्षकगीत सुरू झाल्याची वेळ गाईडशेजारी लिहा. फरक रोज तेवढाच, समजा ४ मिनिटं, असेल तर चॅनल विश्वासाचं. तेवढं आगेमागे केलं की झालं. फरक रोज बदलत असेल तर कार्यक्रमाच्या आधी ५ आणि संपल्यानंतर १५ मिनिटं जादा ठेवा. थेट क्रिकेटला नंतरचा तासही कमी पडतो. चॅनलच्या नावाचा चोवीस तासांचा एकच ठोकळा दिसत असेल, तर गाईडचा नाद सोडा आणि वेळ हाताने टाका.