कुस्कोहून एका दिवसाच्या सहली: या चुका टाळा

पेरूतल्या कुस्को शहरात पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे तीनला आम्ही विनिकुंकाच्या, म्हणजे त्या प्रसिद्ध रंगीत पट्ट्यांच्या डोंगराच्या व्हॅनमध्ये बसलो. जागा मिळत होत्या, भाव बरा होता आणि हाताशी दिवस मोजकेच होते. अर्ध्या चढणीवर माझा नवरा एका दगडावर बसला आणि त्याला उलट्या सुरू झाल्या. डोकं इतकं ठणकत होतं की उजेड सहन होईना. गाइडनं नाकाला ऑक्सिजन लावला आणि त्याला घोड्यावर बसवून खाली आणलं. सहा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा तोच माणूस त्याच वाटेनं, थांबत थांबत, पण स्वतःच्या पायांनी वर पोचला. फरक एवढाच होता की मधल्या दिवसांत शरीराला त्या हवेची सवय झाली होती.

सहली कोणत्या घ्यायच्या यावर सगळे डोकं खाजवतात. कोणती आधी आणि कोणती नंतर, हे मात्र जागा मिळेल तसं ठरतं. सगळा घोळ तिथेच होतो.

उंचीचा क्रम उलटा लावणं

कुस्को साधारण ३,४०० मीटरवर आहे, जवळजवळ लेहइतकं उंच. लेहला जाताना आपण पहिले दोन दिवस आरामाचे धरतो. कुस्कोला मात्र समुद्रकाठच्या लिमाहून सव्वा-दीड तासात विमानानं येतो आणि त्याच दुपारी सिटी टूर घेतो. ‘सिटी’ या शब्दावर जाऊ नका. ही सहल साक्सायवामान या इंकांच्या गढीच्या भिंती बघून तांबोमाचायपर्यंत चढते आणि ते ठिकाण ३,७०० मीटरच्या वर आहे. विनिकुंका तर ५,००० मीटरच्याही वर, म्हणजे कळसूबाईच्या तिप्पट. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो.

सोपा उपाय असा, की विमानतळावरून कुस्कोत न थांबता सरळ खाली उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरायचं. ओयान्तायतांबो साधारण २,८०० मीटरवर आहे. दोन रात्री तिथे काढा. मग माचू पिचू करा, ते आणखी खाली, २,४३० मीटरवर आहे. त्यानंतर कुस्को, आणि उमांताय सरोवर (सुमारे ४,२०० मीटर) व विनिकुंका अगदी शेवटी.

थोडं डोकं दुखणं, झोप नीट न लागणं हे बहुतेकांना होतं. पण चालताना तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा उलट्या थांबेनात, तर खाली उतरणं हाच उपाय. गाइडला लगेच सांगा. गटाचा खोळंबा होईल म्हणून गप्प बसू नका, हे मी हात जोडून सांगते. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर विशेष करून.

हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा मिळतो. गरम वाटतो, तरतरी येते, जरूर प्या. मात्र त्याच्या भरवशावर चढू नका. आणि ती पानं किंवा त्या चहाच्या पुड्या आठवण म्हणून बॅगेत टाकू नका. भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं.

खोऱ्याच्या सहलीवरून परत कुस्कोला येणं

ही चूक बहुतेक जण करतात. सहलीत खोऱ्यातली पिसाक, ओयान्तायतांबो, चिंचेरो ही गावं बघून रात्री कुस्कोला परततात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे माचू पिचूची गाडी पकडायला पुन्हा ओयान्तायतांबोलाच येतात. दोन तासांचा रस्ता दोनदा! त्यापेक्षा सकाळीच गाइडला सांगा की आम्ही ओयान्तायतांबोला उतरणार. ते याला सरावलेले असतात. फक्त बुकिंग करतानाच क्रम विचारून घ्या, कारण काही सहलींत ओयान्तायतांबो शेवटी येतं आणि काहींत मधेच. मोठी बॅग कुस्कोच्या हॉटेलात ठेवा, रेल्वेत सामानावर मर्यादा आहे.

तिकिटात काय नाही ते न विचारणं

सहलीचा जाहिरातीतला भाव बहुधा गाडी आणि गाइडचाच असतो. पुरातत्त्व स्थळांसाठी ‘बोलेतो तुरिस्तिको’ नावाचं एकत्र तिकीट वेगळं काढावं लागतं. पूर्ण तिकीट दहा दिवस चालतं, अर्धवट तिकिटं एक-दोन दिवसांचीच असतात. दोन सहली घेणार असाल तर सहसा पूर्ण तिकीटच परवडतं. पण मारासची मिठागरं, कुस्कोतलं कोरिकांचा हे सूर्यमंदिर, कॅथेड्रल आणि माचू पिचू यांपैकी काहीच त्यात येत नाही. पैसे सोलमध्ये, म्हणजे पेरूच्या चलनात, सुटे आणि रोख ठेवा.

माचू पिचूचं तिकीट नावावर आणि पासपोर्ट नंबरवर असतं. दारात मूळ पासपोर्ट बघतात, फोटोकॉपी चालत नाही. आपल्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि फॉर्म भरणारा ते गाळून टाकतो, तेव्हा तिकीट हातात आल्यावर एकेक अक्षर ताडून बघा. मार्गही विचारा. तिथे आता तीन सर्किट आहेत आणि एकदा आत शिरलात की मार्ग बदलता येत नाही. कॅलेंडरवर दिसतो तो वरून दिसणारा देखावा पहिल्या आणि दुसऱ्या सर्किटवर मिळतो. अवशेषांतूनही हिंडायचं असेल तर दुसरं घ्या. आणि आत स्वच्छतागृह नाही, दारापाशीच जाऊन या.

जेवणात ‘व्हेज’ म्हणून मोकळं होणं

‘सिन कार्ने’ म्हटलं की तिथल्या स्वयंपाक्याला लाल मांस नको एवढंच कळतं, आणि कोंबडी ताटात येते. पूर्ण वाक्य पाठ करा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो.’ मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत. किन्वाचं सूप दिसायला निव्वळ भाजीचं, पण ते बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं, म्हणून ‘काल्दो’, म्हणजे ते पाणी, कशाचं ते विचारा. पहाटेच्या सहलींत नाश्ता पाव, अंडं, चहा एवढाच. आदल्या दिवशी कुस्कोतल्या सान पेद्रोच्या बाजारातून केळी आणि शेंगदाणे घेऊन ठेवा.

चिंचेरोला ‘दुकानाचा थांबा’ समजून गाडीत बसून राहणं

चिंचेरोला विणकाम दाखवतात. मी पहिल्यांदा गाडीतच बसले होते, अजून हळहळ वाटते. दुसऱ्या वेळी उतरले. विणकाम करणाऱ्या बाईंनी फड्या निवडुंगाच्या पानावरचा राखाडी किडा चिमटीत धरला आणि तळहातावर चिरडला. हात गर्द किरमिजी झाला. त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले, तर तोच रंग डोळ्यांदेखत नारिंगी-लाल झाला. शेजारच्या मडक्यांत त्याच किड्यापासून केलेल्या छटांची लोकर मांडलेली होती. खरेदी करा किंवा करू नका, कोणी अडवत नाही. वेळेची काळजी असेल तर निघण्याआधीच विचारा, ओयान्तायतांबोला किती वेळ देणार? तासापेक्षा कमी असेल तर दुसरी सहल बघा, तिथल्या अवशेषांच्या पायऱ्या चढायलाच अर्धा तास जातो.

कपडे आणि ऋतू

मे ते ऑक्टोबर कोरडा काळ. पहाटे हात बधिर करणारी थंडी, दहा वाजता भाजणारं ऊन. एकावर एक घालता-काढता येतील असे कपडे, टोपी आणि सनस्क्रीन हवंच. एवढ्या उंचीवर ढगाळ दिवशीही कातडी सोलते. जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल तर विनिकुंकावर चिखल किंवा बर्फ असतो आणि रंग दिसतीलच असं नाही. त्या दिवसांत तो डोंगर सोडा आणि तो दिवस मोरायच्या इंकाकालीन गोल पायऱ्या व मारासच्या मिठागरांना द्या. पाऊस थांबलेल्या सकाळी दरीत उतरत गेलेले मारासचे ते हजारो मिठाचे वाफे वरच्या वळणावरून बघा. समुद्र कुठेच नाही, डोंगराच्या पोटातून येणारा एक खारा झरा तेवढा आहे.