नॉइज रॉक बँडचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित करताना

नॉइज रॉक या कर्कश, खरखरीत रॉक संगीतातला गोंगाट वाजवणाऱ्यांनी जाणूनबुजून घडवलेला असतो, आणि म्हणूनच तो टिपणारी यंत्रणा शक्य तितकी स्वच्छ ठेवावी लागते. पहिल्या अल्बमात नेमकी इथेच गफलत होते. संगीत कर्कश आहे म्हणून ध्वनिमुद्रणही ढिसाळपणे उरकले जाते, आणि मग गिटारची खरखर कोणती व यंत्राची कोणती हे ऐकणाऱ्याला कळेनासे होते.

ड्रम, बेस आणि गिटार शक्यतो एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवावेत. गायन मागाहून घेतले तरी चालते. आवाजांची सरमिसळ टाळण्यासाठी गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प दुसऱ्या खोलीत ठेवून वादकाला हेडफोन देण्याची पद्धत या संगीताला मारक ठरते, कारण फीडबॅक (गिटारची लांबत जाणारी किंकाळी) हा स्पीकरच्या आवाजाने तारा पुन्हा कंप पावू लागल्यामुळे निर्माण होतो आणि गिटार व अ‍ॅम्प यांच्यातले अंतर किंवा कोन थोडा जरी बदलला तरी त्याचा सूर बदलतो. हवा तो सूर जिथे सापडेल, तिथे जमिनीवर चिकटपट्टीने खूण करून ठेवावी. गाणे संपल्यावरही अ‍ॅम्पची घरघर विरेपर्यंत मुद्रण थांबवू नये. अनेकदा दोन गाण्यांमधला सांधा त्या शेपटातच मिळतो.

गिटारसाठी साधा डायनॅमिक माइक स्पीकरपासून तीन-चार सेंटिमीटरवर ठेवावा. तो शंकूच्या मध्याकडून कडेकडे सरकवत नेला की आवाजाची धार कमी होत जाते, त्यामुळे इक्वलायझरला (जाड-बारीक आवाजांचे प्रमाण बदलणाऱ्या साधनाला) हात लावण्याआधी माइक हलवून पाहावा. ड्रमसाठी जवळच्या माइकांबरोबर खोलीचा आवाज घेणारे एक-दोन माइक दूरवर लावावेत. ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या पिक्सीज या अमेरिकी रॉक बँडच्या ‘सर्फर रोझा’ (1988) या अल्बममधले ड्रम एवढे भव्य वाटतात, त्यात खोलीचा वाटा फार मोठा आहे. आवाजाला 34 सेंटिमीटर अंतर कापायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे साडेतीन मीटरवरच्या माइकपर्यंत तो सुमारे दहा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. या फरकामुळे जवळच्या आणि दूरच्या माइकांतले काही स्वर एकमेकांना खोडून काढतात. म्हणून एका माइकची पोलॅरिटी (संकेताची धन-ऋण दिशा) उलटवून पाहावी आणि ज्या स्थितीत किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) अधिक भरीव ऐकू येईल, ती कायम ठेवावी.

मुद्रण 24 बिटवर करावे आणि सर्वांत मोठा आवाजही उणे दहा डेसिबलच्या आसपासच राहू द्यावा. अ‍ॅम्प किंवा पेडलमधली विकृती संगीताचा भाग असते. शून्य डेसिबल या कमाल मर्यादेवर डिजिटल संकेत कापला गेला, तर ते नुकसान भरून निघत नाही.

मिक्सिंग, म्हणजे सगळ्या वाद्यांचा मेळ बसवण्याचे काम, कमी आवाजात करावे, कारण मोठ्या आवाजात सगळेच दमदार वाटते आणि कानही लवकर थकतात. आधी बेस आणि किक यांची जागा ठरवावी. गिटार सगळा अवकाश व्यापून टाकते, आणि बेस त्यात बुडाला तर गाण्याचा कणाच जातो. गायन मात्र थोडे मागे राहिलेले मला या संगीतात अधिक खरे वाटते.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे अल्बमला अखेरचे रूप देताना, लिमिटरचा (मोठे आवाज दाबून एकूण पातळी वाढवणाऱ्या साधनाचा) मोह आवरावा. शांत कडव्यानंतर कोसळणारा आवाज अंगावर येतो तो त्या दोहोंमधल्या फरकामुळे, आणि लिमिटर तोच फरक पुसून टाकतो. लिमिटर लावलेली आणि न लावलेली प्रत कानाला सारख्याच मोठ्या वाटतील अशा पातळीवर आणून लागोपाठ ऐकावी, आणि त्यानंतरच निवड करावी.