कॅमेऱ्यातले फोटो केबलशिवाय मोबाईलवर कसे घ्यावेत

अक्षता पडल्या की मंगल कार्यालयात फोटोग्राफरभोवती गलका सुरू होतो. "दादा, जोडीचा तेवढा एक फोटो टाका की, स्टेटसला ठेवायचाय." लॅपटॉप घरी असतो आणि केबल ऐनवेळी सापडत नाही. अशा वेळी कॅमेऱ्यातलं वाय-फाय कामाला येतं. अलीकडच्या बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांत ते असतं. कित्येकांनी मात्र ते कधी चालूच केलेलं नसतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे निम्मी डोकेदुखी वाचेल. या वाय-फायचा इंटरनेटशी काही संबंध नाही. कॅमेरा स्वतःचंच छोटं नेटवर्क तयार करतो आणि मोबाईल त्याला जोडला जातो. त्यामुळे पैठणला नाथसागराच्या काठावर फ्लेमिंगो टिपताना रेंज गेली तरी फोटो मोबाईलवर येतात.

इंटरनेट लागतं ते फक्त कॅमेरा कंपनीचं ॲप मोबाईलवर घ्यायला, म्हणून ते घरूनच डाउनलोड करून निघा. कॅननचं कॅमेरा कनेक्ट, निकॉनचं स्नॅपब्रिज, सोनीच्या नव्या कॅमेऱ्यांचं क्रिएटर्स ॲप आणि जुन्यांचं इमेजिंग एज मोबाईल. आपलं मॉडेल यादीत आहे का, तेही तेव्हाच बघा.

आता जोडणी. कॅमेऱ्याच्या मेनूत वाय-फाय सुरू करा. निकॉनमध्ये एअरप्लेन मोड चालू राहिला असेल तर आधी तो बंद करा, नाहीतर नुसतंच शोधत बसाल. स्मार्टफोनशी जोडण्याचा पर्याय निवडला की स्क्रीनवर नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड येतो. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत ते नाव 'डायरेक्ट' या शब्दाने सुरू होतं. मोबाईलच्या वाय-फाय यादीत तेच नाव निवडा. पासवर्ड टाकताना मोठी-लहान अक्षरं नीट बघा.

बहुतेकांचं घोडं अडतं ते यानंतर. अँड्रॉइड फोन लगेच विचारतो, 'या नेटवर्कला इंटरनेट नाही, तरी जोडून राहायचं का?' हो म्हणा. काही फोन तर न विचारताच मोबाईल डेटाकडे पळतात आणि ॲपला कॅमेरा सापडेनासा होतो. म्हणून फोटो येईपर्यंत मोबाईल डेटा बंद ठेवा, व्हीपीएन असेल तर तोही. अँड्रॉइडवर ॲपला लोकेशनची परवानगी लागू शकते, तर आयफोनवर लोकल नेटवर्कची. सुरुवातीला घाईत 'नको' दाबलं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ती द्या. एवढं करूनही जमलं नाही तर दोन्हीकडची जुनी जोडणी पुसून पहिल्यापासून करा. दहा मिनिटं चरफडण्यापेक्षा हे बरं.

ब्लूटूथवर भिस्त ठेवू नका. ते मुख्यतः कॅमेरा आणि फोनची ओळख टिकवायला आणि वाय-फायला हाक मारायला असतं. स्नॅपब्रिज ब्लूटूथवरून आपोआप फोटो पाठवतं खरं, पण 2 मेगापिक्सेलपर्यंत लहान करून. स्टेटसला तेवढं पुष्कळ होतं; अल्बमच्या छपाईला ते चालणार नाही. निकॉन डी3500 मध्ये तर वाय-फाय नाहीच, फक्त ब्लूटूथ आहे.

पाठवण्याआधी कॅमेऱ्यातच निवड करा. उडत्या पक्ष्यावर धडाधड शंभर फोटो काढले असतील तर त्यातल्या चार-पाचांना रेटिंगचे तारे द्या आणि तेवढेच घ्या. नुसतं रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या, मोठ्या फाइलमध्ये शूट करत असाल तर त्या दिवसापुरतं रॉ अधिक जेपेग ठेवा, कारण बरीचशी ॲपं रॉ फाइल घेत नाहीत किंवा लहान जेपेग करून देतात. वाय-फाय कॅमेऱ्याची बॅटरी भराभर खातं, तेव्हा काम झालं की लगेच बंद करा.

पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्ण दर्जाचा फोटो द्यायचा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि हळदीचा वीस मिनिटांचा व्हिडिओ वाय-फायने ओढत बसू नका. ओटीजी कार्ड रीडर, म्हणजे थेट फोनला लागणारा कार्ड रीडर घ्या, मेमरी कार्ड त्यात घालून फोनला लावा. वाय-फाय नसलेल्या जुन्या कॅमेऱ्यालाही तोच मार्ग आहे.